भैरोबापुढचं वाळूक

सोजराबाईला कुणी गरीब म्हटलेलं खपत नसे. अडाणी म्हणा, काळी म्हणा, तोंडाळ म्हणा, ती हसून सोडून देई. गरीब म्हटलं की मात्र तिची मान ताठ व्हायची आणि नजर छपराकडं जायची. कासारवाडीत आबाजींनी भाड्यानं दिलेल्या पाच खोल्यांतली शेवटची खोली तिची. तिथं चुलीच्या बरोबर वर, वाशाला, मुठीएवढा वाळका भोपळा टांगलेला असे. त्याच्या तोंडाला शेणमातीचा लेप होता. सोजराबाईची सगळी श्रीमंती त्या भोपळ्यात होती.

"हे काय गं टांगलंयस?" आबाजींच्या बायकोनं, छबूबाईनं, पहिल्याच दिवशी विचारलं.

"बी हाय मावशी. वाळकाचं."

छबूबाई पोट धरून हसली. "अगं, हितं पवनेच्या काठाला काकड्यांचा ढीग लागतो. गुरं खात न्हाईत. आन तू बी टांगून ठिवतीस?"

नदीकाठच्या माणसाला बियाची किंमत काय कळणार, असं सोजराबाई मनात म्हणाली. मनातच म्हणाली, कारण खोली त्यांची होती.

वाळूक म्हणजे काकडीची कोरडवाहू बहीण. बाजरीच्या रानात, ओळींच्या मधून ती आपली आपण पसरते. पण सगळीच वाळकं सारखी नसतात. सोजराबाई ज्या गावाची सून, ती माणदेशातली कारंडवाडी, तिथलं वाळूक वीतभर, पांढुरकं, अंगावर हिरव्या रेघा असलेलं. पाऊस ओढला, वेलाला ताण पडला की काकडीच्या जातीला देठाकडून कडवटपणा चढतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. कारंडवाडीचं वाळूक मात्र महिनाभर पाऊस नसला तरी कडू व्हायचं नाही. म्हसवडच्या बाजारात लोक गावाचं नाव घेऊन ते मागत. आणि गावात त्याचं बी राखायचा मान एकाच घराचा होता, सोजराबाईच्या सासूचा, दुर्गाबाईचा. बी विकायचं नाही, मागायला येईल त्याला मूठभर द्यायचं, असा त्या घराचा शिरस्ता.

पन्नास सालापासून तिथं पाऊस रुसला. पहिल्या वर्षी लोकांनी जनावरं विकली, दुसऱ्या वर्षी भांडी. तिसऱ्या वर्षी पेरायचं राखून ठेवलेलं धान्यही जात्यात गेलं. तोवर दुर्गाबाईचे हात थरथरायला लागले होते, म्हणून बियाची राखण धाकट्या सुनेकडं, म्हणजे सोजराबाईकडं आली होती. एका सकाळी सासूनं भोपळा खाली काढायला सांगितला.

"बी भाज आन कूट कर. थोरलीच्या पोरांनी कालपास्नं काय खाल्लेलं न्हाई."

सोजराबाईनं भोपळा पदराखाली घेतला. "आत्याबाई, ह्यानं एका वक्ताची भूक बी भागायची न्हाई. आन गावाचं वाळूक कायमचं जाईल."

"पोटापरीस बी मोठं झालं व्हय तुला?"

सोजराबाईनं भोपळा दिला नाही. नवऱ्यानं, ज्योतीरामनं, दिवसभर हिंडून कुठूनतरी पायलीभर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणली आणि पोरांच्या पोटात भाकरी गेली. पण सासूच्या मनात पडलेली अढी काही गेली नाही. त्रेपन्न सालच्या माघात सोजराबाई आणि ज्योतीराम पोट भरायला पुण्याकडं निघाले तेव्हा दुर्गाबाई उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नाही. थोरला दीर सोनबा तेवढा म्हणाला, "बी घेऊन चाललीस, मग आता गाव कशाला लागतंय तुला?"

हे बोल सोजराबाईनं गाठीला बांधले. पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम सुरू होतं, तिथं ज्योतीराम विटा वाहायला लागला. पावसाळा संपेपर्यंत दोघं बांधकामाशेजारच्या पालात राहिली. दिवाळीनंतर कासारवाडीतली खोली मिळाली आणि माघात गावाकडून एक पोस्टकार्ड आलं. आबाजींना वाचता येत होतं. त्यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. गेल्या साली पाऊस बरा झाला, सरकारी बियाणावर बाजरी झाली, पोरंबाळं खुशाल आहेत. शेवटी दोन ओळी: "वाळकाचं बी पंचक्रोशीत राहिलं नाही. तुझ्यापाशी असेल तर मिरगाच्या आत घेऊन ये. दुर्गाबाई सांगते."

"पुन्हा वाचा आबा," सोजराबाई म्हणाली. "ती शेवटची वळ."

आबाजींनी पुन्हा वाचलं. सासूनं हुकूम न करता तिच्याकडं काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या दिवशी सोजराबाईनं भाकऱ्या थापल्या त्यासुद्धा जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी तिनं भोपळ्याचा लेप फोडला. पालातल्या पावसाळ्यानं दावा साधला होता. ओल आत शिरली होती. बियात मिसळलेल्या राखेचे गोळे झाले होते आणि बी काळं पडलं होतं. एकेक दाणा नखानं दाबून पाहत तिनं निवडलं. धड म्हणावेत असे चोवीस दाणे निघाले.

एवढे घेऊन गावाकडं जाणं म्हणजे सासूच्या हातात राख देण्यासारखंच होतं. उगवले तर उगवले. मग तिनं ठरवलं की उन्हाळ्यातच इथं वेल करायचा, नवं ताजं बी धरायचं आणि तेच घेऊन मृगाच्या आत कारंडवाडीला पोचायचं. तिनं बारा दाणे लावले आणि बारा मागं ठेवले. निम्मं बी नेहमी घरात ठेवायचं, हे तिला सासूनंच शिकवलं होतं. दहा दिवस वाट पाहिली. एकही उगवला नाही. अकराव्या दिवशी तिनं उरलेले बाराही भिजत घातले. त्या घराण्यात आजवर कुणी सगळं बी मातीत घातलं नव्हतं. तिनं घातलं.

तीन उगवले. एक लाल भुंग्यानं खाल्ला, एक छबूबाईच्या कोंबडीनं उकरला. तिसरा राहिला.

आता खोलीमागची जागा म्हणजे निव्वळ मुरूम. वर फाल्गुनाचं ऊन. विहीर दोन शेतं ओलांडून, आणि भाडेकरणीला दिवसाला घागरी दोनच, असा आबाजींचा नियम. सोजराबाई तिसरी घागर मागायला गेली नाही. ती गेली चिमाजी कुंभाराकडं आणि भट्टीत नीट न भाजलेली मडकी मागू लागली.

चिमाजीनं कपाळाला हात लावला. "बाई, लोक मडकं वाजवून घेत्यात. तू न वाजणारं शोधतीस?"

"वाजणारं पाणी राखतं. मला पाझरणारं पायजे."

तसं एक मडकं तिनं वेलापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलं, पाण्यानं भरलं आणि वर कौल झाकलं. मडकं हळूहळू पाझरे आणि ओल नेमकी मुळाशी जाई. उन्हाला चाटायला थेंब मिळत नसे. आंघोळीचं, भाजी धुतल्याचं, भांडी खळबळल्याचं पाणी गाळून त्या मडक्यात जाई. वेलाच्या बुडाशी पाचटाचा जाड थर आणि मावळतीकडून गोणपाटाचा आडोसा. माणदेशात वाढलेल्या बाईला हे काही कुणी शिकवलं नव्हतं. तिथं पाणी जपतच माणूस मोठं होतं. इथं मात्र शेजारणी बघायला जमू लागल्या. पवनाकाठी मळे असलेल्या घरांतल्या दुधी-दोडक्याच्या वेलांनी चैत्रात माना टाकल्या, आणि भाडेकरणीचा वेल मुरमात हिरवागार. मग हसणं कमी झालं. छबूबाईनं गुपचूप चिमाजीकडून दोन कच्ची मडकी आणली. सोजराबाईनं ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं. एवढा मोठेपणा तिच्यात होता, पण त्या दिवशी ती शेजारणींशी जरा जास्तच गोड बोलली, हेही खरं.

वेलाला पहिलं फळ धरलं ते तिनं कासारवाडीच्या भैरोबाला नेऊन ठेवलं. पहिलं देवाचं, मधलं बियाचं, मागचं पोटाचं, ही कारंडवाडीची रीत. मग मधल्या फेराची दोन ठसठशीत फळं तिनं निवडली आणि त्यांच्या देठांना लुगड्याच्या काठाची तांबडी चिंधी बांधली. त्यानंतर आलेली सगळी फुलं ती खुडत गेली. वेलाचं सगळं बळ त्या दोन फळांत उतरायला हवं होतं.

कारंडवाडीत तांबडी चिंधी दिसली की शेळीराख्या पोरगासुद्धा हात आवरतो. चिंधी म्हणजे बियाचं फळ. सोजराबाईनं याविषयी इथं कुणाला काही सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. कासारवाडीत चिंधीचा अर्थ वेगळा होता. तिथं फळाला तांबडी चिंधी बांधली म्हणजे ते देवाला बोललेलं, नवसाचं.

अक्षय तृतीया तीन दिवसांवर आली होती. सोजराबाई विहिरीवरून आली ती भोवळ येऊनच पडली. ऊन बाधलं होतं. अंग फणफणलं. ज्योतीरामला कामावर खाडा परवडत नव्हता. तेव्हा छबूबाईनं तिला सांभाळलं, आणि ते उपकार कुणी विसरू नयेत. तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, वेलाच्या मडक्यात रोज आठवणीनं पाणी घातलं. तीन दिवस झाले तरी ताप हटेना. तेव्हा छबूबाईचं लक्ष त्या दोन चिंध्यांकडं गेलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवस अडकला की माणूस अंथरूण धरतं, हे कोण जाणत नाही? पोर बोलून बसली आणि फेडायला विसरली. तिनं अक्षय तृतीयेच्या सकाळी आंघोळ केली, दोन्ही फळं चिंध्यांसकट तोडली आणि अनवाणी जाऊन भैरोबापुढं ठेवली.

दुपारी सोजराबाईचा ताप उतरला. आता बोला.

अंगात थोडं बळ आल्यावर सोजराबाई भिंतीला धरून मागच्या दारी आली. वेल होता, पानं होती, फळं नव्हती. देठाच्या जागी चीक सुकला होता. छबूबाई पाठोपाठ आली, तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"फेडला बघ तुझा नवस. म्हणून तर ताप पळाला."

"कसला नवस मावशी?"

"अगं, चिंधी बांधलीवतीस न्हवं?"

सोजराबाई मडक्याशेजारी खाली बसली. मग ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं बियाच्या फळाला चिंधी बांधत्यात. ते पिकायचं होतं अजून. माझ्यापाशी दुसरं बी न्हाई मावशी. गावातबी न्हाई. कुठंच न्हाई."

छबूबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. पोस्टकार्ड तिच्याच ओसरीवर वाचलं गेलं होतं. त्या दोन ओळी तिलाही पाठ होत्या. ती काही बोलणार तोच सोजराबाई उठली. तिनं देवळाची वाट धरली.

भैरोबाच्या देवळात मालोजी गुरव प्रसादाची तयारी करत होता. सणाचा दिवस, देवापुढं आंबे, कलिंगडं, काकड्यांची रास. एक वाळूक कापून झालं होतं. सोजराबाईनं त्याची फोड उचलून पाहिली. आत बी होतं, पण पांढरं, चपटं, पाण्यासारखं. पोकळ. मालोजीनं दुसरं हातात घेतलं होतं.

"काका, ते कापू नका."

"का बरं?"

"ते बियाचं हाय. चुकून आलंय."

मालोजीचा आवाज चढला. "देवापुढं ठिवलेली वस्तू माघारी जात न्हाई, बाई. आजवर गेली न्हाई आन मी जाऊ द्याचा न्हाई."

गुरवाचंही बरोबरच होतं. त्याच्या बापानं, आज्यानं हेच केलं होतं. देऊळभर माणसं थांबून बघू लागली. सणासुदीला एक परगावची भाडेकरीण देवाशी हुज्जत घालते आहे, याहून चांगली करमणूक कोणती? सोजराबाईनं पदर सावरला.

"माघारी मागतंय कोण? देवाचं झालं ते देवाचंच. हितंच राहू द्या, देवापाशी. फकस्त कापू नका. वीस-एकवीस दिसांनी कापा. देठ तुटला तरी फळ आतल्या आत बियाला पोसतं काका. नुसतं गार जागंला, आख्खं राह्यला पायजे. ह्या गाभाऱ्याइतकी गार जागा साऱ्या कासारवाडीत न्हाई."

"आन उंदीर?"

"शिंक्यात टांगा."

"आन सडलं म्हंजे? देवापुढं सडकं?"

दुसरं फळ महिन्याभराचं होतं, कापलेल्यापेक्षा आठ दिवस मोठं. टिकेल असं तिचं मन सांगत होतं, पण मनाच्या भरवशावर गुरवाला कसं पटवायचं? तेवढ्यात मागून छबूबाई पुढं आली. आबाजींचं घर म्हणजे गावातलं वजनदार घर, आणि छबूबाईनं चारचौघांत कधी कमीपणा घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"चूक माझी हाय मालोजी," ती म्हणाली. "तिला न इचारता मी तोडलं. देवाचा राग व्हायचा तर माझ्यावर हू दे. रोज सकाळी येऊन मी बघंन. सडाय लागलं तर माझ्या हातानं उचलून गाभारा शेणानं सारवंन."

मालोजीनं फळाकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं, आणि सुरी खाली ठेवली. देव काही बोलला नाही, म्हणजे त्याची हरकत नसावी.

तर असं ते वाळूक भैरोबाच्या डोक्यावर शिंक्यात लटकलं. गावाला विषय मिळाला. "भैरोबा माणदेशातल्या वाळकाची राखण करतोय," असं पारावरचे रिकामटेकडे म्हणत. कामावरून येणारे लोकसुद्धा वाट वाकडी करून बघून जात. छबूबाई रोज पहाटे हजर. फळ आठव्या दिवशी पिवळसर झालं, पंधराव्या दिवशी हळदीसारखं पिवळं. अठराव्या दिवशी खालच्या अंगाला नखाएवढा डाग दिसला आणि छबूबाई धापा टाकत सोजराबाईकडं आली. सोजराबाईनं जाऊन डाग दाबून पाहिला, त्याला चुलीतली कोरडी राख चोळली आणि म्हणाली, "काढंल अजून तीन दिस." म्हणाली खरी, पण ते तीन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक.

आणखी एक काळजी तिला आतून कुरतडत होती, आणि ती तिनं ज्योतीरामलाही सांगितली नव्हती. आजारपणात वेलाला पाणी होतं, पण ऊन फार होतं. फळ कडू निघालं तर? कडू फळाचं बी धरायचं नाही. धरलं तर पुढची सगळी पिढी कडवट, आणि कारंडवाडीच्या नावाला बट्टा. कुणालाच कळलं नसतं. ती गप्प बसून बी घेऊन गेली असती तर सासूनं हसत हसत घेतलं असतं. पण सोजराबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. कडू निघालं तर बी देवळाच्या मागं फेकायचं आणि रिकाम्या हातानं गावी जायचं. तिचा अभिमान उगीच नव्हता, तो असा होता.

एकविसाव्या दिवशी देवळात यात्रेसारखी गर्दी. मालोजीनं शिंकं उतरवलं, देवाला दाखवलं आणि सुरी सोजराबाईच्या हातात दिली.

"तूच काप."

तिनं आधी देठाकडची पातळ चकती कापली. तिनं ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि चावली. आंबट होती, जून होती, पण कडू नव्हती. तिनं दुसऱ्यांदा चावून पाहिलं. मग अर्धी चकती छबूबाईला दिली.

छबूबाईनं तोंड वाकडं केलं. "आंबट ढ्यान."

"आंबट चालतंय मावशी," सोजराबाई म्हणाली आणि तिथंच खुदकन हसली. महिनाभरात पहिल्यांदाच.

फळ उघडलं. त्या जून वाळकाचा गर मालोजीनं प्रसाद म्हणून इतका बारीक वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला नखभर आला आणि कुणी तक्रार केली नाही. बी सोजराबाईनं घरी आणून पाण्यात टाकलं. बरंचसं वर तरंगलं. फोल. ती पाहत राहिली. मग हळूहळू काही दाणे तळाला जाऊन बसले. भरलेले. ब्याण्णव. तिनं ते राखेत चोळले, धुतले, सावलीत फडक्यावर सुकवले. सहा दाणे ओल्या चिंधीत गुंडाळून चुलीमागं ठेवले, चौथ्या दिवशी त्यातल्या पाचांना मोड आले. ते मोड छबूबाईनं आपल्या दोन मडक्यांच्या कडेनं स्वतःच्या हातानं लावले. उरलेल्या दाण्यांचे सोजराबाईनं दोन सारखे भाग केले. एक छबूबाईच्या स्वाधीन केला, चुलीवर टांगायला. दुसरा पदराच्या गाठीत बांधला.

मृगाला तीन दिवस असताना ती कारंडवाडीत उतरली. एस.टी. थांबते तिथून घर अर्धा कोस. ती डोक्यावरचा पदर नीट करून, गावाच्या मधल्या वाटेनं, सावकाश चालत गेली. बघणाऱ्यांनी बघावं म्हणूनच. पोट भरायला गेलेली बाई परत येताना काहीतरी मागायलाच येते, असं ज्यांना वाटत होतं ते बघत होते.

ओसरीवर दुर्गाबाई बसली होती. वर्षात फार वाळली होती आणि डोळ्यांनी अधू झाली होती. भोवती सोनबा, थोरली जाऊ, वाळकाचं बी आलं म्हणून ऐकून आलेल्या घराघरातल्या बाया. सोजराबाईनं पाया पडून गाठ सोडली आणि दाणे सासूच्या ओंजळीत घातले.

म्हातारीनं ते बोटांनी चाचपले. एक दाणा दाढेखाली धरून फोडला.

"भरलंय," ती म्हणाली. मग ओंजळ जरा वरखाली करून तिनं वजन घेतलं. "सगळं आणलंस?"

सोजराबाईला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "न्हाई आत्याबाई. निम्मं कासारवाडीत ठिवलंय."

सोनबा उसळला. "गावाचं बी परक्याच्या घरात? आन तू तोंड वर करून सांगतीस? त्या टायमालाबी आईनं मागितलं तर दिलं न्हाईस, आन आताबी—"

"गप," दुर्गाबाई म्हणाली.

तिनं हातानं चाचपत सोजराबाईचा हात शोधला, उलटा केला आणि ओंजळीतले सगळे दाणे त्याच्यात रिकामे केले. ओसरीवरच्या बायांना वाटलं, म्हातारी रागावली, बी परत करते आहे. सोजराबाईलाही क्षणभर तसंच वाटलं.

"त्या टायमाला तिनं दिलं असतं तर आज तू काय पेरणार हुतास?" दुर्गाबाई सोनबाकडं तोंड करून बोलली. "मला भुकंनं कळलं न्हाई. तिला कळलं. आता घरटी किती द्याचं, किती ठिवायचं, ते मला इचारू नगंस. तिला इचार. बी तिचं हाय."

सोनबा खाली बघत उभा राहिला. मग धाकट्या भावजयीपुढं, सगळ्यांदेखत, तो म्हणाला, "किती द्याचं?"

सोजराबाईनं ओसरीवर पदर पसरला, त्यावर दाणे ठेवले, आणि डोळ्यांतलं पाणी बियावर पडू नये म्हणून मान बाजूला करून घरटी पाच-पाच दाणे मोजायला लागली.